लग्नाआधी वजन कमी करताना: तारखेपासून मागे मोजत जा

लग्नाची तारीख ठरली की बहुतेक मुली आजपासून पुढे मोजायला लागतात. अमुक महिन्यांत अमुक किलो, असा हिशोब सुरू होतो. आमचा आग्रह आहे की तारखेपासून मागे मोजा. शरीर आज केलेल्या गोष्टीचा परिणाम आज दाखवत नाही. उपासमार केली तर केस लगेच गळत नाहीत, साधारण दोन ते तीन महिन्यांनी गळू लागतात. म्हणजे लग्नाला तीन महिने असताना कडक डाएट सुरू केलं, तर विंचरताना मूठभर केस हातात येण्याची वेळ नेमकी लग्नाच्या आसपास येते. त्वचा, पाळी, अंगातली ताकद यांचंही असंच आहे, बिल उशिरा येतं. म्हणून वजन कमी करण्याचं काम लग्नाच्या चार आठवडे आधी संपलेलं असायला हवं. शेवटचा महिना आहे ते वजन टिकवण्यासाठी, पोटभर खाण्यासाठी आणि झोपेसाठी राखून ठेवायचा.

आधी ठरवा: वजन खरंच कमी करायचं आहे का?

हा प्रश्न औपचारिक नाही. उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि किलोमधल्या वजनाला त्याने भागा. हा झाला बीएमआय. १५८ सेंटिमीटर उंची आणि ६८ किलो वजन असेल तर १.५८ गुणिले १.५८ म्हणजे सुमारे २.५, ६८ भागिले २.५ म्हणजे साधारण २७. बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर वजन कमी करायचं नाही, कोणी काहीही म्हणो. १८.५ ते २५ हा सर्वसाधारण निरोगी पट्टा मानला जातो. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी वजनालाच सुरू होतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ च्या पुढे लक्ष द्यावं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचं मत आहे.

बीएमआय एकटा पुरेसा नाही. टेप घेऊन कमरेचा घेर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. हा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर आरोग्याच्या दृष्टीने फारशी घाई नाही. अशा वेळी तीन किलो घटवण्यापेक्षा व्यायाम आणि ताठ चाल यांचा फरक फोटोत जास्त दिसतो.

पुढच्यांपैकी काही लागू असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवात करू नका: मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, गरोदरपण किंवा त्याची शक्यता, अंगावर दूध पाजणं, आणि पूर्वी कधी खाऊन उलटी काढणं किंवा दिवसदिवस न खाणं असा त्रास झालेला असणं. या शेवटच्या बाबतीत तर 'तारीख' आणि 'आकडा' या दोन गोष्टी जुना आजार पुन्हा उकरून काढू शकतात. तिथे वजनकाटा बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेणं हेच पहिलं पाऊल.

रक्ततपासणी एकदाच, पण सुरुवातीला

हिमोग्लोबिन, लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसी, व्हिटॅमिन डी आणि बी१२. एवढं पुरतं. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर राठ केस येत असतील तर पीसीओएसबद्दल, म्हणजे संप्रेरकांच्या आणि अंडाशयाच्या बिघाडाबद्दल, डॉक्टरांना विचारा.

हे आधी का? कारण थायरॉइड मंद असेल किंवा रक्त कमी असेल तर व्यायाम झेपत नाही, वजन हलत नाही, आणि मुलगी स्वतःलाच आळशी समजत बसते. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ती रक्तक्षयाची खूण आहे. त्यावरचा उपचार आधी, कॅलरीची कपात नंतर. लोहाचा साठा भरून यायला काही महिने लागतात, इथेही मागे मोजण्याचाच नियम.

लग्नानंतर लवकर मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिडबद्दल याच भेटीत विचारून घ्या. गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घेण्याचा सल्ला साधारणपणे दिला जातो. कमी खाण्याच्या काळात ते आहारातून पुरेसं मिळेलच असं नाही.

किती किलो? कॅलेंडर काढा

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, यापेक्षा वेग नको. ६८ किलोला हे ३४० ते ६८० ग्रॅम होतं. आम्ही खालच्या टोकाकडे राहायला सांगू, कारण लग्नाची धावपळ, खरेदी, पाहुणे आणि आमंत्रणं यांतून जो वेग टिकतो तोच खरा वेग.

सहा महिने, म्हणजे २४ आठवडे हातात आहेत असं धरा. शेवटचे चार टिकवण्याचे. पहिले दोन फक्त नोंद ठेवण्याचे. राहिले १८. आठवड्याला ४०० ग्रॅमने कागदावर सात किलो होतात. आजारपण, प्रवास आणि पाळीचे दिवस धरून पाच ते सहा किलोंची अपेक्षा ठेवा. ६८ वरून ६२ किंवा ६३ वर आलात तर कपड्याचं माप बदलतं, चेहरा मात्र ओढलेला दिसत नाही.

तीन महिने असतील तर तीन किलोंच्या आसपास. दीड महिना असेल तर एक किलो, फार तर दीड. आणि खरा भर झोप, चालणं, ताठ उभं राहणं यांवर. चार आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल तर वजन कमी करायला घेऊच नका. नियमित जेवा, चाला, आणि कपडा शरीराच्या मापाने करून घ्या. शरीर कपड्याच्या मापाचं करायला एवढा वेळ पुरत नाही.

'दहा दिवसांत पाच किलो' अशी जाहिरात दिसते तेव्हा त्यामागचं गणित असं असतं. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाची साठवलेली साखर असते, सगळी मिळून सुमारे अर्धा किलो. तिच्या प्रत्येक ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. भात, ब्रेड, बटाटा एकदम बंद केला की हा साठा उतरतो आणि पाणीही जातं. काटा दीड-दोन किलो खाली येतो, चरबी जवळपास तेवढीच राहते. दोन वेळा नीट जेवलात की पाणी परत येतं. यात फसवणूक काट्याची नाही, आपण त्याचा अर्थ चुकीचा लावतो.

फार झपाट्याने, आठवड्याला दीड किलोहून जास्त, वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. लग्नघरात पोटात कळ येऊन दवाखाना गाठायची वेळ कोणावरच येऊ नये.

पहिले दोन आठवडे: काहीही बदलू नका, फक्त लिहा

हे पाऊल सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि म्हणूनच पुढे गाडी अडते. दोन आठवडे नेहमीचंच खा, पण सगळं लिहा: दुधाची साय, स्वयंपाक करताना चाखलेला घास, ऑफिसमधली बिस्किटं, चहातली साखर. स्वयंपाकघरात ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा असेल तर उत्तम. धान्य आणि डाळी कच्च्या असतानाच मोजा, कारण शिजल्यावर पाण्यामुळे वजन दुप्पट-तिप्पट होतं आणि हिशोब चुकतो.

सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा. रोज केलं तरी चालेल, पण एका दिवसाच्या आकड्याकडे बघू नका. आठवड्याची सरासरी काढा. वजनाचा आकडा रोज मनाला लागत असेल तर आठवड्यातून दोनदाच करा आणि टेपवर जास्त विसंबा. कंबर, नितंब, दंड आणि मांडी, दर दोन आठवड्यांनी, त्याच जागी.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंगात पाणी धरतं आणि काटा अर्धा ते दोन किलो वर जाऊ शकतो. म्हणून या महिन्यातल्या पाळीनंतरच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या पाळीनंतरच्या आठवड्याशीच करा. एवढं एक समजलं तरी निम्मी निराशा वाचते.

किती खायचं: आकडेमोड

विश्रांतीत शरीराला लागणारी ऊर्जा काढण्यासाठी मिफ्लिन-सेंट जिओर हे सूत्र वापरतात. स्त्रियांसाठी: वजन किलोमध्ये गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१.

२६ वर्षं, १५८ सेंटिमीटर, ६८ किलो: ६८० अधिक ९८७ वजा १३० वजा १६१, म्हणजे सुमारे १३७५. बसून काम आणि थोडंफार चालणं असेल तर १.४ ने गुणा: साधारण १९३०. एवढं खाल्लं तर वजन आहे तिथेच राहील. यातून ४०० ते ४५० वजा केले की रोजचे १५०० कॅलरी उरतात.

एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. रोज ४३० ची तूट म्हणजे आठवड्याला ३०००, म्हणजे ४०० ग्रॅमच्या आत-बाहेर. पुढे वजन घटतं तशी शरीराची गरजही घटते आणि वेग मंदावतो. तीन-चार किलो उतरल्यावर सूत्र पुन्हा मांडा.

१२०० च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नका. तेवढ्यात प्रथिनं, लोह, कॅल्शियम बसवणं फार कठीण होतं, आणि शरीर जी काटकसर करतं ती केस, नखं आणि पाळी यांच्या वाट्याची असते. सूत्राचा आकडा हाही अंदाजच. दोन आठवड्यांच्या नोंदीशी ताडून पाहा. तुमची नोंद २१०० सांगत असेल आणि वजन स्थिर असेल तर तुमचा आकडा २१०० आहे, सूत्र काही का म्हणेना.

ताट कसं लावायचं

सगळ्यात आधी प्रथिनं. कमी खाण्याच्या काळात प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजन उतरतं, पण अंग सैल दिसतं आणि थकवा येतो. किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरा. ६८ किलोला रोज ८० ते ९० ग्रॅम ठीक. ऐकायला जास्त वाटतं, पण असं जमतं:

- दोन अंडी: १२ ग्रॅम
- एक पेला दूध, २०० मिलिलिटर: साडेसहा ग्रॅम
- दही २०० ग्रॅम: सात ग्रॅम
- डाळ किंवा कडधान्य, कच्चं ६० ग्रॅम: १४ ग्रॅम
- मासे किंवा चिकन, कच्चं १५० ग्रॅम: ३० ग्रॅम
- दिवसभरातलं धान्य, कच्चं १५० ग्रॅम: १२ ते १५ ग्रॅम

मांसाहार नसेल तर माशांच्या जागी ५० ग्रॅम सुक्या सोयावड्या घ्या, त्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. टोफूही चालेल. प्रथिनं तिन्ही जेवणांत वाटून घ्या. सकाळी नुसता चहा आणि रात्री सगळं, असं केलं की चारच्या सुमाराला भूक अनावर होते आणि डब्यातली बिस्किटं संपतात.

मग भाज्या. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि सलाड, पाव भाग प्रथिनं, पाव भाग भात, ब्रेड किंवा जे धान्य घरात नेहमी खाल्लं जातं ते. धान्य पूर्ण बंद करू नका. बंद केल्यावर काय होतं ते वर पाहिलंच. शिवाय बद्धकोष्ठता होते आणि चिडचिड वाढते. तंतुमय पदार्थ दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत न्यायचे, पण हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत. एकदम वाढवले तर पोट फुगतं. फळं दोन, चावून खायची. रस नको, त्यात साखर राहते आणि तंतू जातात.

आता तेल, कारण चूक बहुतेक इथेच होते. मोठा १५ मिलिलिटरचा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. भाजीत एक, परतताना एक, वरून फोडणीला एक असे तीन चमचे जास्त पडले की ३६० झाले, आणि तुमची दिवसाची सगळी तूट तर ४३० चीच. तेल वाईट नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, हीच अडचण. बाटलीतून थेट कढईत ओतणं थांबवा, पाच मिलिलिटरच्या छोट्या चमच्याने मोजून घाला. दिवसाला चार ते पाच छोटे चमचे पुरतात. सुकामेव्याचंही तसंच: ३० ग्रॅम, म्हणजे एक मूठ, १७५ कॅलरीच्या आसपास. पौष्टिक आहे म्हणून येता-जाता तीन मुठी खाल्ल्या तर जेवणाएवढ्या होतात.

पाणी लघवीच्या रंगावरून ठरवा. फिकट पिवळा असेल तर बरोबर. कोमट पाणी, लिंबू, मध यांनी चरबी वितळत नाही. आवडत असेल तर प्या, मध मात्र हिशोबात धरा.

आमंत्रणं, खरेदी आणि 'एवढंसं घे ना'

आठवड्याचे पाच दिवस ४३० ची तूट ठेवली: २१५०. शनिवार-रविवारी दोन जेवणांची आमंत्रणं झाली आणि गरजेपेक्षा रोज ९०० जास्त गेले: १८००. उरले ३५०, म्हणजे चरबीच्या हिशोबात जेमतेम ४५ ग्रॅम. मुलगी सोमवार ते शुक्रवार मन मारून जेवते आणि महिन्याभराने काटा तिथेच असतो. तिचं चुकत काही नसतं, फक्त आठवडा सात दिवसांचा आहे हे हिशोबात राहून जातं.

त्यावर उपाय आमंत्रणं नाकारण्याचा नाही. लग्नाआधीचे हे दिवस पुन्हा येत नाहीत. आमंत्रणाच्या दिवशी आधीची दोन जेवणं नेहमीसारखी, प्रथिनं जरा जास्त आणि धान्य-तेल जरा कमी अशी घ्या. उपाशी जाऊ नका, उपाशी गेलेला माणूस दुप्पट खातो. तिथे गेल्यावर गोड आणि तळलेलं यांपैकी एक निवडा आणि मनापासून खा. सरबत, कोल्डड्रिंक, मद्य यांच्या जागी पाणी घेतलं की तिथेच दोनशे-तीनशे वाचतात. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून उपास करू नका, नेहमीच्या ताटावर परत या.

खरेदीच्या दिवसांसाठी पिशवीत काहीतरी ठेवा: उकडलेली अंडी, भाजलेली कडधान्यं, फळ. पाच तास दुकानं फिरून आल्यावर कोणाचाही निर्धार टिकत नाही.

व्यायाम: चालणं पाया, वजन उचलणं गाभा

पाऊल मोजणारं काहीही घ्या आणि सध्या किती चालता ते पाहा. ४००० असेल तर दर आठवड्याला हजार वाढवत ८००० पर्यंत या. उद्यापासून एकदम दहा हजार ठरवलं की तिसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि टाचा बोलू लागतात. आठवड्यात किमान १५० मिनिटं तरी भरभर चालणं असावं: बोलता येतं पण गाता येत नाही, तो वेग. अर्ध्या तासाच्या भरभर चालण्यात १०० ते १५० कॅलरी जातात. आकडा लहान आहे, त्यामुळे 'चालून आले म्हणून खाल्लं' हा सौदा तोट्याचा ठरतो.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस, महिन्याभराने तीन. घरी करता येईल असा क्रम:

१. खुर्चीवर टेकून उठणं, म्हणजे स्क्वॉट. गुडघे पंजांच्या दिशेने, आत वळू देऊ नका.
२. पाठीवर झोपून नितंब उचलणं. वर दोन सेकंद थांबा.
३. टेबलाच्या कडेवर हात टेकून पुश-अप. जमू लागलं की खालच्या उंचीवर.
४. कमरेतून वाकून डंबेल पोटाकडे ओढणं. पाठ सरळ, खांदे कानांपासून दूर.
५. डंबेल खांद्यापासून डोक्यावर ढकलणं.
६. कोपरांवर प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपर आणि पायाची बोटं यांवर अंग सरळ उचलून धरणं, २० सेकंदांपासून सुरुवात.

प्लँक सोडून प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. तीन आठवड्यांनी तीन फेऱ्या. मधे दीड मिनिट विश्रांती. डंबेल दोन ते पाच किलोंचे. सगळ्या फेऱ्यांमध्ये १२ सहज झाले की वजन वाढवा. इथे चुकतं ते असं: सहा महिने तेच दोन किलो उचलत राहिलं जातं आणि स्नायूंना बदलायचं कारणच मिळत नाही. अंग पुरुषी होईल ही भीती सोडा. कमी खाण्याच्या काळात तर स्नायू टिकवणं हेच मोठं काम असतं.

दंडाची किंवा पोटाचीच चरबी वेगळी घटवता येत नाही. शरीर कुठून आधी काढेल ते अनुवंश ठरवतो. पण चौथ्या क्रमांकाचा व्यायाम तीन महिने नीट केला की खांदे मागे जातात, मान उंच दिसते, आणि गळ्याभोवतीचा कपडा वेगळाच बसतो. लग्नाच्या दिवशी जड पोशाख आणि दागिने घालून तासन्‌तास उभं राहायचं असतं. त्यासाठी पाय आणि पाठ तयार असणं हे दोन किलो घटवण्याइतकंच महत्त्वाचं. शेवटच्या दोन महिन्यांत लग्नातली चप्पल घालून घरात रोज दहा मिनिटं चाला.

झोप

रोज सात ते नऊ तास. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि तृप्ती सांगणारं लेप्टिन कमी होतं. रात्री एक वाजेपर्यंत पाहुण्यांच्या याद्या करणारी मुलगी दुसऱ्या दिवशी गोड शोधत फिरते, तो तिच्या स्वभावाचा दोष नसतो. झोपेची वेळ ठरवा आणि त्यानंतरची कामं घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी द्या. हे घरच्यांना स्पष्ट सांगावं लागतं.

काटा अडला तर

दोन-तीन दिवस अडणं म्हणजे अडणं नाही. तीन आठवड्यांची सरासरी आणि कमरेचा घेर, दोन्ही हलले नाहीत तरच अडलं म्हणा. मग या क्रमाने पाहा: तेल पुन्हा मोजलं जातंय का, सुट्टीचे दिवस लिहिले जातायत का, पेयांत काय जातंय, आणि थकव्यामुळे दिवसभरातलं चालणं नकळत कमी झालं आहे का. यातून काही सापडलं नाही तरच रोजचे १०० ते १५० कमी करा किंवा १५०० पावलं वाढवा. दोन्ही एकदम नको. पाळी उशिरा येऊ लागली, सतत थंडी वाजू लागली, चक्कर येऊ लागली तर उलट खाणं वाढवा. पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरांकडे जा. गर्भधारणेची शक्यता असेल तर त्याआधीच तपासणी करा.

गोळ्या, इंजेक्शनं आणि जुलाबाचे चहा

जुलाबाचे चहा आणि पाणी काढणाऱ्या गोळ्या चरबी काढत नाहीत. पाणी आणि पोटॅशियम जातं, आणि पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचा ठोका चुकू शकतो. 'फॅट बर्नर' म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये ग्रीन टीचा तीव्र अर्क असतो तेव्हा काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. प्यायचा चहा वेगळा, तो सुरक्षित आहे.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही मधुमेह आणि वजनासाठीची इंजेक्शनं खरी औषधं आहेत आणि योग्य रुग्णाला उपयोगी पडतात. पण ती लग्नाच्या तारखेसाठी बनलेली नाहीत. वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडचा डोस हळूहळू वाढवत पूर्ण मात्रेपर्यंत पोचायलाच १६ आठवडे लागतात, आणि त्या काळात मळमळ, उलट्या होऊ शकतात. गर्भधारणेचा विचार असेल तर ते किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. मैत्रिणीच्या इंजेक्शनच्या पेनमधून एक डोस घेऊन पाहणं तर अजिबात नको.

कपड्याची मापं

वजन उतरवण्याआधी घेतलेल्या मापावर महागडा पोशाख शिवून घेणं आणि 'तेवढी बारीक होईन' म्हणून लहान मापाचा घेणं, या दोन्ही चुका सारख्याच. शिवणाऱ्याला सुरुवातीलाच सांगा की वजन कमी होत आहे, आणि शिवणीत आत जास्तीचं कापड ठेवायला लावा. कपडा आत घेता येतो. कापडच नसेल तर सैल करता येत नाही. शेवटचं माप लग्नाच्या दोन ते तीन आठवडे आधी, पाळीच्या आधीचे फुगलेले दिवस टाळून, लग्नात घालायची अंतर्वस्त्रं आणि चप्पल घालूनच द्या. कपडा घालून खाली बसा, दोन्ही हात वर करा, खोल श्वास घ्या. यात कुठे काचलं तर ते तेव्हाच सांगा.

शेवटचे चार आठवडे

रोजचं खाणं हळूहळू वाढवून नव्या वजनाच्या गरजेवर आणा: पहिल्या आठवड्यात २०० वाढवा, दुसऱ्यात उरलेले २००. हे मुख्यतः धान्य आणि फळांतून. काटा किलोभर वर जाईल, तो ग्लायकोजेन आणि पाणी. चेहऱ्याला भरीव तजेला त्यानेच येतो. घाबरून पुन्हा कपात करू नका.

शेवटच्या दहा दिवसांत व्यायाम निम्मा करा आणि नवीन काहीही सुरू करू नका. नव्या व्यायामाची अंगदुखी एक ते तीन दिवस राहते. पोट हलकं राहावं म्हणून शेवटचे तीन-चार दिवस सोड्याची पेयं, च्युइंगगम, साखरविरहित गोळ्या आणि फार खारट पॅकबंद पदार्थ टाळा. कडधान्यांची सवय नसेल तर त्याच वेळी सुरू करू नका. पाणी कमी करायचं नाही. पाणी तोडून गाल बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो सोडून द्या. त्यातून डोकं दुखतं आणि ओठ सुकतात.

पाळी पुढे ढकलण्याची गोळी हवी असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. रक्ताची गुठळी, अर्धशिशी, यकृताचा त्रास असलेल्यांना ती चालेलच असं नाही, आणि काहींना तिने पोट फुगतं.

लग्नाच्या दिवशी

घट्ट कपडा, उकाडा, उभं राहणं आणि रिकामं पोट, या चौघांच्या संगतीत भोवळ येते. पहाटे मेकअपला बसण्याआधी धान्य आणि प्रथिनं असलेला नेहमीचा नाश्ता करा, आणि पुढे दर तीन तासांनी चार घास. हे तुम्हाला आठवणार नाही, म्हणून बहीण किंवा मैत्रीण यांपैकी एकीला नेमा. तिच्या पिशवीत स्ट्रॉ असलेली पाण्याची बाटली, कापलेलं फळ, छोटे सँडविच किंवा एका घासात जाईल असं काही, आणि घाम फार येत असेल तर क्षारयुक्त पेयाचं पाकीट. उभं असताना गुडघे ताठ आवळून ठेवू नका, पोटऱ्या हलवत राहा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाजू नका, लगेच बसा किंवा आडव्या व्हा आणि कपड्याची एक गाठ सैल करायला सांगा.

लग्नानंतर दहा दिवस काट्यावर चढू नका. प्रवास, खारट जेवणं, जागरण यांनी दोन किलोंपर्यंत पाणी धरलेलं असतं आणि ते आपोआप उतरतं. अकराव्या दिवशी सकाळी वजन करा, आणि ताकदीच्या व्यायामाचे दोन दिवस नव्या घराच्या वेळापत्रकात कुठे बसतात ते त्याच आठवड्यात ठरवून टाका.